ठिबकचा अर्ज नेमका कुठे अडतो?

मागच्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातले एक काका फाइल घेऊन आले. तीन एकर मोसंबी, ठिबक बसवून झालेलं, बिल जोडलेलं, चालू ड्रीपरचे फोटोसुद्धा काढलेले. तरी अर्ज बाद. बिलावर तारीख ११, कृषी खात्याच्या पूर्वसंमतीवर, म्हणजे खरेदीच्या परवानगीवर, १९. दुकानदार म्हणाला होता, "संमती काय, येतच असते. ऊन बघा, झाडं वाळतील." झाडं वाचली, अनुदान गेलं.

पूर्वसंमती हातात पडेपर्यंत नळीचा तुकडासुद्धा विकत घ्यायचा नाही, हा नियम कितीही वेळा सांगितला तरी दरवर्षी कोणीतरी फसतंच. म्हणून सुरुवातीलाच सांगितलं. आता बाकीचं.

केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकाला, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला, ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्य सरकार मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून वर भर घालतं आणि ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांवर जातं. मर्यादा पाच हेक्टर. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी जातीचा दाखला काढून ठेवावा आणि त्यांच्यासाठीच्या स्वतंत्र योजनांची आधी चौकशी करावी. गाव पोकरात, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, असेल तर तिथला मार्ग वेगळा. एकाच गटावर दोन्हीकडून लाभ मिळत नाही.

८० टक्के म्हणजे बिलाचे ८० टक्के नव्हेत. दोन नळ्यांतल्या अंतराप्रमाणे हेक्टरी खर्चाचा मापदंड ठरलेला आहे आणि हिशोब त्यावर होतो. दुकानदाराने भारी गाळणी, पाण्यातून खत सोडणारी व्हेंच्युरी, जाड नळी लावून बिल फुगवलं तर वरचे पैसे तुमच्या खिशातून. तेव्हा अर्जात पीक आणि अंतर भरण्याआधी रानात काय बसवायचं ते ठरलेलं असायला हवं. बहुतेकजण उलटं करतात. अर्ज कापसाचा, रानात मोसंबी, आणि मोका तपासणीला, म्हणजे रानात येऊन बघायला, साहेब आले की तोंडं बघत उभे.

ठरवायचं पाण्यावरून. २०० लिटरचा ड्रम घ्या, मोटर लावा आणि मोबाइलवर वेळ बघा. ड्रम दोन मिनिटांत भरला तर तासाला सहा हजार लिटर, तीन मिनिटं लागली तर चार हजार. हे मे महिन्यात करा. दिवाळीनंतर सगळ्यांचीच बोअर उड्या मारते. आता कापसासाठी पाच फुटांवर इनलाइन नळी, म्हणजे आतच ड्रीपर बसवलेली, आणि दर ४० सेंटिमीटरला तासाला चार लिटरचा ड्रीपर धरला, तर एका एकरात साधारण २६ हजार लिटर तासाला लागतात. चार हजारांच्या बोअरवर एका एकराचेच सहा-सात भाग करावे लागतील, तितके व्हॉल्व्ह आणि तितकी लाइटची वाट. त्याच एकरात सहा बाय सहा मीटरवर मोसंबी असेल तर झाडं १११. झाडाला आठ लिटरचे चार ऑनलाइन, म्हणजे नळीवर बाहेरून टोचलेले, ड्रीपर दिले तरी साडेतीन हजार लिटरमध्ये सगळा एकर एका वेळी भिजतो.

मोसंबीत ड्रीपर बुंध्याशी ठेवू नका, डिंक्या लागतो, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. झाडाची सावली जिथं संपते तिथं गोल फिरवा. काळ्या जमिनीत ओल आडवी पसरते, तिथं ६० सेंटिमीटरचं अंतर चालतं. मुरमाड रानात पाणी सरळ खाली जातं, तिथं ४० किंवा त्याहून कमी घ्या. शेततळ्याचं किंवा उघड्या विहिरीचं पाणी असेल तर वाळूची गाळणी लागतेच. नुसत्या जाळीवर शेवाळ बसतं आणि पंधरा दिवसांत दाब पडतो. बोअर वाळू ओढत असेल तर पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा हायड्रोसायक्लोन लावावा लागतो. चढउताराच्या रानात साधा ड्रीपर वरच्या झाडाला कमी, खालच्याला जास्त पाणी देतो. दाब सांभाळणारा घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आता कागदं. आधार, सातबारा, आठ-अ हे कोणाकडेही असतं. १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. तो नसेल तर महाडीबीटीवर, म्हणजे जिथं अर्ज भरायचा त्या सरकारी पोर्टलवर, पुढे सरकताच येत नाही. अर्जाचे २३ रुपये ६० पैसे भरायचे. लॉटरी बंद झाली, आता ज्याचा अर्ज आधी त्याचा नंबर आधी. म्हणून 'भावजीला भरायला सांगितलंय' म्हणत महिना घालवू नका.

अडतं ते वीजबिलावर. विजेवरच्या मोटरीसाठी ताजं बिल मागतात आणि ते कोणाकडेच नसतं. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषी पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे, त्यामुळे भरायचंच नाही तर बिल कशाला, असा समज झालाय. बिल निघतं. ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येतं. क्रमांक माहीत नसेल तर जुन्या पावत्यांची पिशवी उघडा, ती प्रत्येक घरात असते. खरी गोची वेगळीच आहे. कनेक्शन आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. नाव बदलायला अर्ज, वारसांची संमती, वर जुनी थकबाकी. हे काम ठिबकच्या अर्जाआधी हाती घ्या, कारण नंतर त्याला वेळच उरत नाही.

वारस नोंदीचंही तसंच. वडील वारले पण फेरफार झाला नाही, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. शेत तुम्ही कसता हे सगळ्या गावाला माहीत आहे, पोर्टलला नाही. सामाईक सातबारा असेल तर इतर हिस्सेदारांचं संमतिपत्र लागतं, आणि पुण्याला गेलेला धाकटा भाऊ सहीला दिवाळीतच सापडतो. नावाचा घोळ तर विचारू नका. आधारवर ज्ञानेश्वर, सातबाऱ्यावर ज्ञानोबा, पासबुकावर डी. के. माणूस एकच, पण संगणकाला तीन दिसतात. सही-शिक्क्यांच्या या राज्यात आपलं नाव सरकारनेच तीन प्रकारे लिहिलंय आणि ते जुळवायची जबाबदारी मात्र आपली!

त्याच गटावर पूर्वी ठिबकचा लाभ घेतला असेल तर सात वर्षं थांबावं लागतं. वडिलांनी कधी घेतला होता, हे विचारून घ्या. फॉर्म भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता ते ३० दिवस. पूर्वसंमती मिळाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत खरेदी, बसवणं आणि बिल अपलोड करणं, हे तिन्ही. लोक समजतात खरेदीपासून ३०. शिवाय संमतीचा मेसेज अर्जातल्या मोबाइलवर येतो, आणि बऱ्याच अर्जांत तो नंबर फॉर्म भरणाऱ्या केंद्रवाल्याचा असतो. त्याच्या फोनवर असे शेकडो मेसेज. एका ताईंची संमती बाविसाव्या दिवशी कळली. हातात उरले आठ दिवस, आणि त्यात तालुक्याला नळीचा साठा नव्हता. नंबर तुमचाच द्या, आधारला तोच जोडा, आणि दर आठवड्याला पोर्टलवर लॉगिन करून बघा.

तीस दिवस पुरावेत म्हणून विक्रेता आधी हेरून ठेवा. तो नोंदणीकृतच हवा. कोटेशन घ्या, पण पैसे देऊ नका. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. कोणी जुन्या कोटेशनवर १२ लावलेला दाखवला तर नवीन मागा. माल आला की नळीवरचा छाप वाचा. आयएसआय खुणेसोबत लॅटरलवर, म्हणजे ओळीतल्या साध्या नळीवर, आयएस १२७८६ आणि इनलाइनवर आयएस १३४८८ असं लिहिलेलं असतं. नुसत्या कंपनीच्या नावावर भुलू नका. चालू केल्यावर बादलीत ड्रीपर धरा. चार लिटरच्या ड्रीपरने पंधरा मिनिटांत एक लिटर द्यायला पाहिजे. पहिल्या आणि शेवटच्या ओळीचा फरक तेव्हाच कळतो, आणि फिटर तेव्हाच शेतात असतो.

मोका तपासणीच्या दिवशी रानात हजर राहा आणि नळ्या पसरलेल्या असू द्या. उंदीर कुरतडतात म्हणून वेटोळं करून कोठ्यात ठेवलेल्या नळ्यांचा फोटो निघत नाही, आणि साहेब पुन्हा कधी येतील याची खात्री नाही.

शेवटी पैसे. ते पासबुकाची झेरॉक्स जोडलेल्या खात्यात येत नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात येतात. तीन महिने "अनुदान आलंच नाही" म्हणून कृषी कार्यालयात चकरा मारणाऱ्या एका शेतकऱ्याचे पैसे पहिल्याच महिन्यात जमा झालेले निघाले. खातं शून्य रकमेवर कधीतरी उघडलेलं होतं, पासबुक ट्रंकेत. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी बँकेत जाऊन एवढंच विचारा, माझ्या आधारला कोणतं खातं जोडलंय.