आठवण आणि किस्सा: शाळेतल्या ‘शो अँड टेल’चं नेमकं काय लक्षात राहतं?

घरून एखादी आवडती वस्तू शाळेत न्यायची, वर्गासमोर उभं राहून ती सगळ्यांना दाखवायची आणि तिच्याबद्दल चार वाक्यं बोलायची, हा ‘शो अँड टेल’चा साधा उपक्रम. मोठेपणी त्याचा विषय निघाला की बहुतेक जण म्हणतात, “मला अगदी लख्ख आठवतंय!” आणि पुढे जे सांगतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात.

एक असते आठवण. त्या वेळी डोळ्यांनी जे पाहिलं, कानांवर जे पडलं, हाताला जे लागलं, त्यातलं मागे उरलेलं काहीतरी. दुसरा असतो किस्सा. त्या दिवसाबद्दल तुम्ही, आईने, बाईंनी, भावंडांनी नंतर जे सांगितलं आणि सांगून सांगून ज्याला आकार आला, ते. दोन्ही एकाच दिवसाबद्दल, एकाच मुलाबद्दल, एकाच वस्तूबद्दल बोलतात, म्हणून गल्लत होते. ही गल्लत सोडवणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण ते मूल स्वतः जे जगलं ते आठवणीत आहे. किस्स्यात त्याच्याबद्दल इतरांना काय वाटलं याचाही बराच वाटा असतो.

बालपणीच्या इतर प्रसंगांपेक्षा इथे गुंता जास्त का होतो? सहसा प्रसंग आधी घडतो आणि मग तो सांगितला जातो. शो अँड टेलमध्ये सांगणं प्रसंगाच्या आतच असतं, किंबहुना त्याच्याही आधीपासून सुरू होतं. आदल्या रात्री घरी तालीम होते, “हे म्हण, ते विसरू नकोस” अशा सूचना मिळतात. मग वर्गात बोलणं होतं. संध्याकाळी “कसं झालं?” म्हणून पुन्हा सांगायचं, आणि पाहुणे आले की आणखी एकदा. इतक्या वेळा उगाळलेल्या प्रसंगात वर्गातलं वाक्य कोणतं आणि तालमीतलं कोणतं, हे प्रौढ मनाला वेगळं काढता येत नाही.

दोघांची घडणही निराळी असते. किस्सा गोळीबंद असतो. त्याला सुरुवात असते, मध्ये अडचण असते, शेवटी सगळे हसतील किंवा कौतुक करतील असं एक वाक्य असतं, आणि त्यात मूल ‘हुशार’, ‘भित्रं’ किंवा ‘वांड’ यांपैकी काहीतरी एक ठरून गेलेलं असतं. आठवणीला असा शेंडाबुडखा नसतो. मी वर्गात एक भिंग नेलं होतं. घरचे सांगतात की मी ते उंच धरून “यात सूर्य पकडता येतो” असं जाहीर केलं आणि अख्खा वर्ग खिडकीकडे धावला. छान किस्सा आहे, तो मीही सांगते. पण डोळे मिटले की मला दिसतं ते एवढंच: भिंगाची काळी मूठ घामाने बुळबुळीत झाली आहे, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीची वेणी काचेतून उलटी, वाकडी दिसते आहे. खिडकी नाही, सूर्य नाही, धावणारा वर्ग नाही. त्या वेणीचा गोष्टीत काहीही उपयोग नाही, आणि म्हणूनच ती मला खरी वाटते. गोष्टीला गरज नसलेली वस्तू कोणी मुद्दाम आत आणून ठेवत नाही.

या अंदाजाला संशोधनाचाही आधार आहे. मार्शा जॉन्सन आणि कॅरल रे यांनी १९८१ मध्ये मांडलं की प्रत्यक्ष अनुभवातून आलेल्या स्मृतींमध्ये रंग, आवाज, स्पर्श, जागा यांचे तपशील अधिक असतात. मनात रचलेल्यांमध्ये विचाराच्या खुणा अधिक असतात. हा ठोकताळा आहे, कसोटीचा दगड नव्हे. वारंवार कल्पना केली की कल्पनेलाही रंग चढतात.

दुसरी एक खूण मला फार आवडते, कारण ती थेट या उपक्रमावर बसते. माणसं गोलात बसून पाळीपाळीने बोलत असतील, तर आपली पाळी येण्याच्या लगेच आधी जे बोललं गेलं ते नेमकं डोक्यात राहत नाही. हा परिणाम १९७३ मध्ये प्रयोगातून दाखवला गेला. कारण समजायला सोपं आहे: त्या मिनिटाला आपण आपलंच पहिलं वाक्य मनात घोळवत असतो, समोरच्याचं बोलणं आत पोचतच नाही. आता स्वतःला विचारून पाहा, तुमच्या आधी कोणी काय दाखवलं होतं? तिथे कोरी जागा सापडली तर वाईट वाटून घेऊ नका, खऱ्या आठवणीत अशी कोरी जागा असणं अगदी साहजिक आहे. उलट आधीच्या मुलाचं अख्खं भाषण तुम्हाला पाठ असेल, तर ते नंतर कुठून आलं याचा जरूर शोध घ्या.

तिसरी खूण दृष्टिकोनाची. काहींना वर्ग समोर दिसतो, म्हणजे स्वतःच्याच डोळ्यांतून. काहींना फळ्यापुढे उभं असलेलं छोटं मूल दिसतं, आणि ते मूल म्हणजे आपण. जॉर्जिया निग्रो आणि उल्रिक नाइसर यांनी १९८३ मध्ये या दोन तऱ्हांचा अभ्यास केला. जुन्या आठवणी बाहेरून दिसण्याकडे झुकतात आणि भावनेवर लक्ष दिलं की त्या आतून दिसू लागतात, असं त्यांना आढळलं. म्हणून बाहेरून दिसणारं चित्र खोटंच, असा निकाल देऊ नये. पण तुम्ही फळ्यापुढे उभे असताना स्वतःला पाहिलेलं नाही, हे तर नक्की. त्या चित्राचं निदान कोनापुरतं काम मनाने नंतर केलेलं आहे.

आणि ‘लख्ख आठवतंय’ या खात्रीचं काय? तिच्यावर मी सगळ्यात कमी भिस्त ठेवते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी नाइसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून, ती बातमी कुठे आणि कशी कळली हे लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. एक चतुर्थांश जणांच्या दुसऱ्या उत्तराचे मुख्य तपशील पहिल्याशी अजिबात जुळले नाहीत, तरी सांगणाऱ्यांची खात्री पक्की होती.

शाळेतला फोटो असला तर प्रश्न मिटला, असं वाटतं. २००२ च्या एका प्रयोगात किम्बर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २० प्रौढांना त्यांचेच लहानपणीचे फोटो दाखवले. त्यांत गरम हवेच्या फुग्यातून केलेल्या सफरीचा एक फोटो बनावट होता. अशी सफर झालेलीच नव्हती, पण तीन मुलाखतींअखेर निम्म्या लोकांना ती पूर्ण किंवा थोडीफार ‘आठवू’ लागली. पुढे २००५ मध्ये मरियान गॅरी आणि वेड यांनी बनावट फोटो आणि बनावट वर्णन यांची तुलना केली, तेव्हा वर्णनाने अधिक लोकांना भुलवलं. शब्द ऐकले की चित्र आपण स्वतः काढतो आणि स्वतः काढलेलं चित्र ओळखीचं वाटतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणून घरातला किस्सा अल्बमपेक्षा प्रभावी ठरू शकतो. मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणारे जाँ पियाजे यांच्याच बाबतीत हे घडलं. बाबागाडीतून आपल्याला पळवायचा प्रयत्न झाला आणि दाईने झुंज देऊन वाचवलं, हे दृश्य त्यांना दाईच्या चेहऱ्यावरच्या ओरखड्यांसकट दिसत असे. ते सुमारे पंधरा वर्षांचे असताना दाईने पत्र लिहून कबूल केलं की सगळं रचलेलं होतं, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळ परत केलं. पियाजेंनी ऐकलं होतं ते गोष्टीच्या रूपात. दिसू लागलं ते आठवण म्हणून.

इथवर वाचून किस्सा म्हणजे आठवणीचा शत्रू असं वाटलं असेल, तर मला ते मान्य नाही. मिंडा टेसलर आणि कॅथरीन नेल्सन यांनी १९९४ मध्ये संग्रहालयात गेलेल्या आई-मुलांच्या जोड्या अभ्यासल्या. नंतर मुलांना त्याच वस्तू आठवल्या ज्यांच्याबद्दल आई आणि मूल दोघं मिळून बोलले होते. नुसत्या पाहिलेल्या वस्तू निसटून गेल्या. म्हणजे बोललंच नाही तर पुष्कळ काही टिकतही नाही. भिंगाचा किस्सा घरात सांगितला गेला नसता तर ती वेणीही कदाचित माझ्याजवळ उरली नसती. दोघांचं नातं असं आहे: किस्सा आठवणीला जगवतो आणि जगवता जगवता तिच्यावर आपलं लिहीत जातो.

दोन्ही वेगळे करून पाहायचे असतील तर क्रम महत्त्वाचा. आधी एकट्याने बसून, कुणालाही न विचारता, तुम्हाला जे दिसतं तेवढंच लिहा, तुटक असलं तरी चालेल. मग घरच्यांना विचारा. वर्गमित्र सापडला तर त्याला ‘तुला ते भिंग आठवतं का’ असं विचारू नका, नुसतं ‘त्या तासाचं काय आठवतं’ असं विचारा. वस्तू अजून कपाटात असेल तर ती हातात घ्या, तिचं वजन आणि स्पर्श खूप काही वर आणतात. मात्र वस्तू तुमच्याकडे होती एवढंच तिच्यामुळे सिद्ध होतं, वर्गात काय घडलं ते नाही. आणि “ती वस्तू मी नेली होती, तू नव्हे” असा भावंडांत वाद निघालाच, तर कोणी खोटं बोलतंय असं लगेच समजू नका. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुळी भावंडं एकाच प्रसंगावर ‘हे माझ्या बाबतीत घडलं’ असा प्रामाणिक दावा करताना आढळली होती.

ज्यांच्या घरात आत्ता शो अँड टेलच्या वयाचं मूल आहे त्यांच्याकडे एक संधी आहे, जी आपल्याला मिळाली नाही. मूल घरी आलं की “सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या ना?” असं उत्तर प्रश्नातच घालून देऊ नका. “तिथे उभं राहिल्यावर तुला काय काय दिसत होतं?” असं विचारा, आणि ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. पाहुण्यांना सांगायचा किस्सा दुसऱ्या दिवसापासून सुरू करता येईल.