शुक्र: जिथे एक गिरकी वर्षापेक्षा मोठी

शुक्राची चांदणी मध्यरात्री डोक्यावर आलेली आपल्याला कधीच दिसत नाही. आपल्या आकाशात शुक्र सूर्यापासून 47 अंशांपलीकडे जातच नाही, म्हणून तो एकतर संध्याकाळी पश्चिमेला दिसतो किंवा पहाटे पूर्वेला. चंद्रासारख्या त्याच्याही कला असतात. 1610 मध्ये गॅलिलिओने त्या दुर्बिणीतून पाहिल्या. पूर्ण बिंब उजळलेले असताना शुक्र सर्वांत तेजस्वी दिसत असेल असे वाटते ना? तसे नाही. तो कोरीच्या रूपात असतो तेव्हाच जास्त झळकतो, कारण त्या वेळी तो आपल्या कितीतरी जवळ आलेला असतो.

पण मला या ग्रहाचे खरे वेड लावले ते त्याच्या घड्याळाने. शुक्र सूर्याभोवतीची फेरी 225 दिवसांत पूर्ण करतो आणि स्वतःभोवती एकदा फिरायला मात्र 243 दिवस घेतो. म्हणजे वर्ष संपते, तरी गिरकी संपलेली नसते! शिवाय तो फिरतो उलट्या दिशेने, त्यामुळे तिथे सूर्य पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. उलटी गिरकी आणि पुढे सरकणे यांचा मेळ बसून एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीवरचे सुमारे 117 दिवस जातात. हिशेब करून पाहिला, तर शुक्राच्या विषुववृत्तावर दिवस-रात्रीची सीमा ताशी जेमतेम 14 किलोमीटर वेगाने सरकते. सायकल चालवणाऱ्याला तिथे संध्याकाळ हवी तितका वेळ धरून ठेवता येईल.

अर्थात, सायकल चालवण्याची ती जागा नव्हे. जमिनीवर तापमान सुमारे 465 अंश सेल्सिअस असते. शिसे 327 अंशांना वितळते. बुध सूर्याच्या अधिक जवळ असूनही शुक्राइतका तापत नाही. याचे कारण हवेत आहे. शुक्राच्या वातावरणात 96 टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे आणि तो जमिनीतून निघणारी उष्णता बाहेर निसटू देत नाही. पांढरे ढग सूर्यप्रकाशाचा मोठा हिस्सा परत फेकतात, तरी ही अवस्था! हे ढग गंधकाम्लाचे आहेत. त्यांतून आम्लाचा पाऊस पडतो, पण जमीन गाठण्याआधीच त्याची वाफ होते. ग्रह इतका संथ, आणि वरचे ढग मात्र अवघ्या चार दिवसांत त्याला पूर्ण वळसा घालतात.

जमिनीवर हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पट, म्हणजे समुद्रात जवळजवळ 900 मीटर खोल गेल्यावर जाणवेल तेवढा. अशा ठिकाणी सोव्हिएत संघाने याने उतरवली, याचे मला आजही आश्चर्य वाटते. 1 मार्च 1982 रोजी उतरलेल्या व्हेनेरा 13 कडून 32 मिनिटे टिकण्याची अपेक्षा होती. ते 127 मिनिटे काम करत राहिले आणि त्याने शुक्राच्या जमिनीची पहिली रंगीत छायाचित्रे पाठवली. चारच दिवसांनी व्हेनेरा 14 उतरले. मातीचा कठीणपणा मोजणारा त्याचा दांडा नेमका कॅमेऱ्याच्या गळून पडलेल्या झाकणावर टेकला. इतक्या दूर जाऊन मोजले गेले ते पृथ्वीवरूनच नेलेले झाकण! हे वाचले की त्या यानामागच्या माणसांसाठी जीव हळहळतो.

50-55 किलोमीटर उंचीवर मात्र चित्र पालटते. तिथले तापमान आणि दाब बरेचसे पृथ्वीसारखे आहेत. 1985 मध्ये सोव्हिएत संघाच्याच व्हेगा मोहिमांचे दोन फुगे त्याच थरात जवळपास दोन दिवस तरंगले.

ढगांखालचा भूभाग साध्या कॅमेऱ्याने टिपता येत नाही. मॅगेलन यानाने 1990 पासून रडारच्या लहरींनी त्याचा नकाशा काढला, तेव्हा ज्वालामुखी, लाव्ह्याची मैदाने आणि विवरे स्पष्ट झाली. शुक्रावरच्या जवळपास सगळ्या ठिकाणांना स्त्रियांची किंवा देवतांची नावे आहेत. मोठा अपवाद तिथल्या सर्वांत उंच, सुमारे 11 किलोमीटरच्या पर्वतरांगेचा; तिला भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांचे नाव आहे. विवरांच्या यादीत मात्र एका नावाशी मी नेहमी थांबते: सुमारे 34 किलोमीटर रुंदीचे ‘जोशी’ विवर, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचे.