मोठ्या वयातला स्कोलिओसिस : समोरून मोजलेला बाक, बाजूने दिसलेला तोल

इंग्लंडमधले डॉक्टर गिडियन मँटेल इतिहासात राहिले ते इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या शोधामुळे. कण्याच्या विकारांचा इतिहासही त्यांना विसरत नाही. १८४१ मध्ये घोडागाडीचा अपघात झाला आणि त्यानंतर त्यांचे पाठदुखीचे भोग सुरू झाले. पाठीत फुगवटा दिसे, तो गाठीचा किंवा गळवाचा असावा असा समज होता. वेदनेसाठी अफू घ्यावी लागे आणि १८५२ मध्ये अफूच्याच जादा मात्रेने त्यांचा अंत झाला. शवविच्छेदनात कळले की गाठ नव्हतीच, स्कोलिओसिस होता, म्हणजे कण्याला बाजूला आलेला बाक. कमरेचे मणके एका बाजूला वाकले होते, वाकताना स्वतःभोवती पिळलेही होते, आणि त्यांचे आडवे भाग स्नायूंना मागे ढकलत होते. स्वतः वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या माणसालाही जिवंतपणी आपल्या दुखण्याचे खरे कारण कळू नये, याची खंत वाटते.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम ॲडम्स यांनी त्या कण्याचा बारकाईने अभ्यास केला. बाक म्हणजे नुसते वाकणे नाही, त्यात पीळही असतो, हे त्यांनी ठासून सांगितले. रुग्णाला उभ्याने पुढे वाकायला लावायचे आणि मागून पाहायचे: पीळ असेल तर पाठीची एक बाजू उचललेली दिसते. आज शाळेतल्या तपासणीतही वापरली जाणारी ही चाचणी ॲडम्स यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यामागे एका प्रौढ रुग्णाचे हाल आहेत, हे फारसे कुणी सांगत नाही.

त्यानंतरची शंभर वर्षे मात्र प्रौढ रुग्ण बाजूलाच पडले. विचार मुलांचा होता, आणि त्याला कारणेही होती: क्षयाने आणि पोलिओने मुलांचे कणे वाकत होते. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रसेल हिब्ज यांनी क्षयाने पोखरलेले मणके एकमेकांना सांधण्याची शस्त्रक्रिया केली आणि काही वर्षांत तीच स्कोलिओसिससाठी वापरली. सांधलेले हाड जुळेपर्यंत रुग्ण महिनोन् महिने प्लास्टरमध्ये पडून राही. १९४८ मध्ये जॉन कॉब यांनी एक्स-रेवर बाक मोजण्याची रीत मांडली. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या सर्वांत कललेल्या मणक्यांवरून रेघा काढायच्या आणि त्यांच्यामधला कोन मोजायचा. दहा अंशांच्या वर गेला तर स्कोलिओसिस. ही रीत इतकी सोपी की ती जगभर रुजली, पण तिने पाहण्याची दिशाही ठरवून टाकली: कणा समोरून पाहायचा.

ह्यूस्टनमध्ये पोलिओच्या मुलांवर उपचार करताना पॉल हॅरिंग्टन यांनी स्टीलचा रॉड आणला. बाकाच्या दोन्ही टोकांना हूक अडकवायचे आणि मधला कणा ताणून सरळ करायचा. सुरुवातीला मणके न सांधता हे केले तेव्हा रॉड तुटत, हूक निसटत, म्हणून सांधणे जोडीला आले. १९६२ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले आणि पुढची दोन दशके याच पद्धतीची होती. असंख्य मुलींचे कणे त्याने सावरले, याबद्दल कृतज्ञताच हवी.

किंमत कळायला मात्र वेळ लागला. कमरेचा कणा बाजूने पाहिला तर आत वळलेला असतो, आणि त्या खोलगट वळणामुळेच आपण फार कष्ट न घेता ताठ उभे राहतो. रॉड कमरेत खालपर्यंत नेऊन ताणला की ते वळण सपाट होई. तरुणपणी शरीर सांभाळून घेई. पुढे खालच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजल्या की धड पुढे झुके आणि समोर पाहण्यासाठी गुडघे वाकवून उभे राहावे लागे. १९८८ मध्ये अशा ५५ रुग्णांवरील उपचारांचा आढावा प्रसिद्ध झाला. समोरून काढलेल्या एक्स-रेत यशस्वी दिसणाऱ्या शस्त्रक्रियेने माणसाचे उभे राहणे अवघड केले होते. माझ्या मते मोठ्या वयातल्या स्कोलिओसिसची आजची सगळी विचारपद्धती या अनुभवातून निघाली आहे.

दरम्यान फ्रान्समध्ये कोत्रेल आणि द्युबूसे यांनी १९८४ च्या सुमारास दोन रॉड आणि अनेक हूक वापरून पीळही सुधारण्याचा मार्ग दाखवला, आणि हुकांची जागा हळूहळू मणक्यांतल्या स्क्रूंनी घेतली. जिनेट द्युव्हाल-बोपेर यांनी ओटीपोटाच्या हाडांचा असा एक कोन दाखवला की जो वाढ पूर्ण झाल्यावर प्रत्येकाचा जवळपास कायम राहतो. कमरेचे वळण त्याला जुळते हवे. म्हणून आज डोक्यापासून मांडीच्या हाडापर्यंतचा उभ्याने काढलेला एक्स-रे, समोरून आणि बाजूने, मागितला जातो. झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये दबलेली नस दिसते, तोल दिसत नाही.

मोठ्या वयात दोन प्रकारचे रुग्ण येतात. काहींचा बाक किशोरवयातला. अमेरिकेतल्या आयोवात वाइनस्टीन आणि पोन्सेटी (वाकड्या पावलांवरच्या उपचारामुळे आपल्याकडेही माहीत असलेले तेच) यांनी असे रुग्ण सरासरी चाळीस वर्षे पाहिले. वाढ थांबताना तीस अंशांखाली असलेले बाक सहसा वाढत नव्हते. छातीच्या भागातले पन्नास ते पंचाहत्तर अंशांचे बाक वर्षाला साधारण एका अंशाने वाढत होते. दुसऱ्यांचा कणा आधी सरळ असतो. चकत्या एका बाजूने जास्त झिजतात आणि कंबर कलते. ‘वयाने मणक्यात गॅप आली’ एवढ्यावर आपल्याकडे अशा कितीतरी जणी घरी परत जातात. चालताना पायात कळ येते, बसले की थांबते. हे लक्षण नीट ऐकून घेतले पाहिजे.

या वयात शस्त्रक्रियेचा निर्णय अंशांवर होत नाही. वेदना, दबलेली नस आणि पुढे गेलेला तोल यांवर होतो. कधी फक्त नस मोकळी करणे पुरते, कधी मणक्याची पाचर कापून वळण परत द्यावे लागते. हाडे ठिसूळ असली की स्क्रू सैल होतात, रॉड तुटतात, सांधलेल्या भागाच्या वर पोक येते. म्हणून हाडांची घनता आधी तपासायची, आणि तंबाखू सोडायची, कारण तंबाखूने हाड नीट जुळत नाही.

चाळीस ते ऐंशी वयाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. चिठ्ठी टाकून ज्यांना शस्त्रक्रियेविना ठेवायचे ठरले होते, त्यांच्यापैकी ६४ टक्के दोन वर्षांत शस्त्रक्रियेकडे वळले, त्यामुळे चिठ्ठीनुसार केलेली तुलना निष्प्रभ ठरली. प्रत्यक्ष मिळालेल्या उपचारांनुसार पाहता शस्त्रक्रिया झालेल्यांना अधिक बरे वाटले, गंभीर गुंतागुंत झालेल्यांना मात्र कमी. शस्त्रक्रिया न केलेल्यांची स्थिती सरासरी जशीच्या तशी राहिली. आहे त्या स्थितीत ज्यांचे बरे चालले आहे त्यांनी थांबायला हरकत नाही, असे संशोधकांनी नोंदवले.