कुड्याच्या सालीतला कडूपणा

उन्हाळा सरता सरता सह्याद्रीच्या उतारांवर पांढऱ्या फुलांनी बहरणाऱ्या कुड्याला आयुर्वेदात कुटज म्हणतात, आणि अतिसार व आंव यांवर त्याच्या सालीचा काढा फार पूर्वीपासून दिला जातो. या सालीतला कडूपणा मुख्यतः तिच्यातील अल्कलॉइडांचा, म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या नायट्रोजनयुक्त संयुगांचा आहे. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे कोनेसीन १८५८ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. त्याच्या रेणूत कार्बनचे २४, हायड्रोजनचे ४० आणि नायट्रोजनचे २ अणू असून त्याचा सांगाडा स्टेरॉइडांचा आहे.

कोनेसीन आंवेच्या अमीबाला मारते, तर सालीतील टॅनिने प्रथिनांशी बांधली जाऊन तुरट, स्तंभक म्हणजे जुलाब रोखणारा परिणाम घडवतात. एकाच काढ्यात ही दोन्ही कामे होतात, हे मला विशेष वाटते. मात्र पाण्यात नेमके काय उतरते, हे पाहायला हवे. मुक्त रूपातील कोनेसीन पाण्यात फारसे विरघळत नाही. ते अल्कोहोलमध्ये सहज विरघळते आणि आम्लाशी संयोग होऊन त्याचा क्षार बनला, की पाण्यातही उतरते. म्हणूनच प्रयोगशाळेत ते काढताना सौम्य आम्ल वापरतात. कुटजारिष्ट या कुड्याच्या आंबवलेल्या आयुर्वेदिक औषधात सालीचा काढा आटवून त्यात गूळ आणि धायटीची फुले घालून तो आंबवतात. आंबताना तयार होणारे अल्कोहोल आणि आंबटपणा या दोन्ही गोष्टी अशा अल्कलॉइडांना द्रवात टिकून राहण्यास अनुकूल असतात. त्यामुळे ‘कुड्याचा अर्क’ एवढे म्हणणे अपुरे आहे. तो कशात आणि कसा काढला, यावर त्यातील घटकांचे प्रमाण ठरते.

शुद्ध कोनेसीन आंवेच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले, तेव्हा काहींना निद्रानाश, चक्कर आणि मानसिक अस्वस्थता जाणवली. ते मेंदूतील हिस्टामिन या संदेशवाहक रसायनाच्या एका प्रकारच्या ग्राहकांना (ते रसायन टिपणाऱ्या पेशींवरील रेणूंना), म्हणजे एच-३ ग्राहकांना, अडवते, हे पुढे स्पष्ट झाले. परीक्षानळीत अमीबा मारणारा पदार्थ शरीरात आणखी कुठे पोहोचतो, हे तपासल्यावाचून त्याला औषध म्हणणे धोक्याचे असते.

आणखी एक अडचण झाडाच्या ओळखीची आहे. पांढऱ्या कुड्याच्या नावाने काळ्या कुड्याची साल बाजारात मिसळली जाते, पण ही दोन झाडे वेगळ्या प्रजातींची आहेत आणि काळ्या कुड्यात कोनेसीन नसते. जाणकार शेंगांवरून फरक करतात. दोन्हींच्या शेंगा लांब व जोडीने येणाऱ्या असतात, मात्र काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, तर पांढऱ्या कुड्याच्या सुट्या लोंबतात. बिया चाखल्या तरी भेद कळतो: पांढऱ्याच्या त्या कडू इंद्रजव, काळ्याच्या गोड. वाळलेल्या, कुटलेल्या सालीत मात्र या खुणा उरत नाहीत. तिथे अल्कलॉइडांची रासायनिक तपासणीच करावी लागते.