दुय्यम नेम सर्व्हर घेताय? तुमच्या बाजूची जोडणी

मुख्य आणि दुय्यम नेम सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रं) दोन्ही म्हापशातल्या एकाच ऑफिसात, एकाच इन्व्हर्टरवर असतील तर त्या दोनांचा उपयोग एकाएवढाच. जूनमध्ये झाड कोसळून फायबर तुटली की दोन्ही एकदम गप्प होतात. मग हॉटेलची बुकिंग साइट परराज्यातल्या सर्व्हरवर सुरळीत चालू असली तरी तिचा पत्ता कोणाला सापडत नाही. म्हणून आमचा दुय्यम सर्व्हर आम्ही मुद्दाम मुंबईत ठेवला आहे. खालच्या सूचना बाइंड या नेम सर्व्हर सॉफ्टवेअरसाठी आहेत.

आम्ही दिलेली टीसिग किल्ली (दोन्ही सर्व्हरना एकमेकांची ओळख पटवणारी गुप्त किल्ली, प्रकार एचमॅक-शा२५६) आधी सेटिंगमध्ये घाला आणि झोनच्या (तुमच्या डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या फाइलीच्या) अलाऊ-ट्रान्सफरमध्ये, म्हणजे झोन कोणाला द्यायचा त्या ओळीत, तीच लिहा. तिथे ‘एनी’ (कोणीही) नको: मग तुमच्या यंत्रांच्या नावांची अख्खी यादी कोणीही उचलून नेईल. बाइंडच्या जुन्या आवृत्त्यांत ही ओळ लिहिलीच नाही तरी दार उघडंच असतं. किल्लीला वेळेचं बंधन आहे. दोन्ही सर्व्हरच्या घड्याळांत ३०० सेकंदांहून जास्त फरक पडला की झोन जात नाही आणि लॉगमध्ये ‘बॅडटाइम’ दिसतं. वीज जाऊन आल्यावर मदरबोर्डची बॅटरी संपलेलं यंत्र भलत्याच तारखेला उठतं, तेव्हा एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू ठेवा.

फायरवॉलमध्ये आमच्या पत्त्यासाठी पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हींवर उघडा. सगळ्यात जास्त फोन याच चुकीसाठी येतात, कारण सिरियलची (झोनच्या आवृत्तीच्या आकड्याची) विचारपूस यूडीपीवर होते आणि ती चालते. झोन मात्र टीसीपीवरून जातो आणि तिथेच अडकतो. ऑफिसला इंटरनेटच्या दोन जोडण्या असतील तर दोन्हींचे स्थिर पत्ते कळवा. झोन बदलला की मुख्य सर्व्हर दुय्यमाला नोटिफाय सूचना पाठवतो; अनोळखी पत्त्यावरून आलेली अशी सूचना आमचा सर्व्हर नाकारतो, मग बदल पुढच्या रिफ्रेशपर्यंत (दुय्यमाच्या ठरावीक वेळाने होणाऱ्या विचारपुशीपर्यंत) पोचत नाही.

आता सिरियल. रेकॉर्ड बदलून सिरियल वाढवायचा विसरलात तर आमच्याकडे जुनाच झोन राहतो, आणि चूक कुठेच नोंदली जात नाही. तारखेचा नमुना वापरा: २०२५०९१५०१, म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला कितवा बदल. घाईत २०२५ च्या जागी २०५२ पडलं की त्यानंतरचे सगळे खरे आकडे दुय्यमाला जुने वाटतात. सोपा उपाय म्हणजे आकडा दुरुस्त करून आम्हांला फोन करा, आम्ही झोन नव्याने ओढून घेतो. स्वतः करायचं असेल तर चुकलेल्या आकड्यात २१४७४८३६४७ मिळवा (बेरीज ४२९४९६७२९५ च्या वर गेली तर तीतून ४२९४९६७२९६ वजा करा), तो आकडा सगळ्या दुय्यमांवर पोचू द्या आणि मगच बरोबर सिरियल घाला.

एसओएमधली (सिरियल असलेल्या झोनच्या पहिल्या नोंदीतली) बाकीची मूल्यं, सेकंदांत: रिफ्रेश ३६००, रिट्राय (विचारपूस फसली तर पुन्हा कधी) ९००, एक्सपायर (मुख्य सर्व्हर मिळाला नाही तर दुय्यमाने झोन किती काळ धरून ठेवायचा) १२०९६००, म्हणजे १४ दिवस. एक्सपायर एक दिवसाचा ठेवलेल्या झोन फाइली आम्ही पाहतो. चवथीला ऑफिस बंद, मुख्य सर्व्हर पहिल्याच रात्री बंद पडला, तर दुसऱ्या रात्रीपर्यंत दुय्यमही झोन टाकून देतो आणि ‘सर्व्हफेल’ (उत्तर देता येत नाही) म्हणू लागतो. ज्या दिवसांसाठी दुय्यम घेतला, नेमके तेच दिवस हातचे जातात.

तपासायला डिग या कमांडने दोन्ही सर्व्हरना थेट, नो-रिकर्स लावून (म्हणजे दुसऱ्याला न विचारता स्वतःकडचंच सांग असं म्हणून), एसओए विचारा; सिरियल सारखा यायला हवा. मग मोबाइलच्या इंटरनेटवरून, किल्ली न देता एएक्सएफआर (अख्खा झोन) मागून पाहा. ते नाकारलं गेलं पाहिजे.

दोन्ही जमलं की झोनमध्ये आमच्या सर्व्हरची एनएस नोंद (डोमेनचे नेम सर्व्हर कोणते ते सांगणारी) घाला आणि रजिस्ट्रारकडेही (ज्याच्याकडून डोमेन घेतलं त्याच्याकडे) घाला. नुसत्या झोनमधल्या नोंदीने भागत नाही. पण हा क्रम उलटू नका: झोन पोचण्याआधी रजिस्ट्रारकडे आमचं नाव लागलं, तर आमच्याकडे आलेले प्रश्न उत्तराविना परत जातील आणि साइट कधी उघडते, कधी रेंगाळते अशी तक्रार सुरू होईल.