टॉवरच्या जागरणाचा हिशेब
दूरसंचार जाळ्यांतील ऊर्जाबचतीची पार्श्वभूमी

आषाढीच्या आठवड्यात पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटापासून ‘पासष्ट एकर’ या मुक्कामाच्या जागेपर्यंत लाखो वारकरी जमतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या खिशात किंवा पिशवीत आता मोबाइल असतो. चुकामूक झालेल्या सोबत्याला शोधणे, गावाकडे सुखरूप पोचल्याचे कळवणे, कळसाचा फोटो पाठवणे हे सगळे एकाच वेळी चालते, आणि नेहमीचे टॉवर त्या गर्दीला पुरत नाहीत म्हणून चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे केले जातात. गोपाळकाला होतो, दिंड्या परतीला लागतात, तात्पुरते टॉवरही हलतात. कायमचे टॉवर मात्र जागेवर राहतात आणि रात्री अडीच वाजता, जेव्हा पंचक्रोशीत कुणीच बोलत नसते, तेव्हाही त्यांचे मीटर फिरत असते. भर गर्दीत जेवढी वीज लागे, तिच्या निम्म्याहून अधिक वीज जुन्या पिढीच्या यंत्रणेला अशा सामसूम वेळीही लागत असे. दूरसंचार जाळ्यांचा वीजखर्च आणि त्यातून होणारे कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हा मुख्यतः या जागरणाचा इतिहास आहे, कारण संदेश पाठवायला लागणारी वीज नेहमीच थोडी होती. संदेश येईल म्हणून सज्ज राहण्याची वीज मात्र वाढत गेली.

तारायंत्राच्या काळात हा प्रश्न फार लहान होता. १८५० मध्ये कोलकाता आणि डायमंड हार्बर यांच्यादरम्यान भारतातील पहिली प्रायोगिक तार टाकली गेली, तेव्हा वीज म्हणजे बरण्यांत ठेवलेले रासायनिक घट होते आणि वीज खर्च होणे म्हणजे घटातले जस्त झिजणे, हे डोळ्यांना दिसत होते. तरीही जागरणाचा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीत तारेतून प्रवाह सतत वाहता ठेवत आणि संदेश देताना तो तोडत, तर दुसऱ्या पद्धतीत बटण दाबले तरच प्रवाह वाहे. पहिलीत जस्त अधिक जाई, पण मधल्या छोट्या स्थानकांना स्वतःचे घट बाळगावे लागत नसत. सोय हवी असेल तर सज्जतेचा खर्च सोसावा लागतो, हा व्यवहार तेव्हापासूनचा आहे.

दूरध्वनीने हा व्यवहार बराच काळ काटकसरीचा ठेवला. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये शिशाच्या बॅटऱ्यांची रांग असे आणि तेथून उणे ४८ व्होल्टचा दाब तांब्याच्या तारांवर दिला जाई. दाब उणे ठेवण्याचे कारण साधे होते: ओलाव्यात तांबे गंजून झिजू नये. घरातला रिसीव्हर खाली ठेवलेला असे तोपर्यंत मंडल तुटलेले राही आणि प्रवाह जवळपास शून्य असे. रिसीव्हर उचलताच मंडल पुरे होई आणि वॅट-दोन वॅट खर्च होऊ लागत. ज्यांच्या घरी तो काळा किंवा लाल फोन होता, त्यांना आठवत असेल की अख्ख्या गल्लीत दिवे गेलेले असतानाही त्याची घंटा वाजायची. ही वीज घरच्या मीटरवरची नव्हती, एक्स्चेंजमधल्या बॅटरीची होती. आज टॉवरखालच्या कपाटातही तोच उणे ४८ व्होल्टचा आकडा दिसतो, हे या क्षेत्रातल्या जुन्या सवयींच्या चिवटपणाचे उदाहरण मानावे लागेल.

यांत्रिक एक्स्चेंज जाऊन इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आले तेव्हा जागा वाचली, बिघाड कमी झाले, पण एक नवा खर्च दाखल झाला, तो म्हणजे वातानुकूलन. परदेशी बनावटीची यंत्रे थंड, धूळमुक्त खोली मागत. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले आणि त्यापैकी पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसवले गेले. ते वातानुकूलनाशिवाय चालावे अशीच त्याची रचना होती. या कामाकडे सहसा स्वदेशी तंत्रज्ञानाचा विजय म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण मला वाटते की भारतातील ऊर्जा-काटकसरीच्या दूरसंचार अभियांत्रिकीची ती पहिली ठळक नोंदही आहे, फक्त तिला तेव्हा कुणी हरित म्हटले नाही. खेड्यात वीज बेभरवशाची आणि उन्हाळा कडक, म्हणून ते करावे लागले.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात भारतातील पहिले मोबाइल संभाषण झाले आणि तारेची काटकसर संपली. तारेवरचा फोन खाली ठेवला की गप्प बसतो; टॉवरला तशी मुभा नाही. जवळपास कुठला फोन आहे हे टॉवरला आधी ठाऊक नसते, त्यामुळे "मी येथे आहे" हे त्याला अखंड सांगत राहावे लागते. टूजी पद्धतीत तर टॉवरभोवतीच्या प्रत्येक विभागातली एक वाहक लहर, म्हणजे संदेश वाहून नेणारी रेडिओ लहर, अहोरात्र पूर्ण ताकदीने चालू ठेवणे बंधनकारक असते, मग फोन एक असो, शंभर असोत वा एकही नसो. त्यात त्या काळची रचना अशी की रेडिओ यंत्र खाली शेल्टर नावाच्या बंद खोलीत आणि अँटेना वर तीस-चाळीस मीटरवर. मधल्या जाड केबलमध्ये निम्म्यापर्यंत शक्ती उष्णता होऊन जाई. लहरींची ताकद वाढवणारा शक्तिवर्धक स्वतः घेतलेल्या विजेपैकी थोडाच भाग लहरींत उतरवी, बाकीची शेल्टरमध्येच तापे आणि ती उष्णता बाहेर काढायला एसी लागे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो, तेव्हा बंद पत्र्याच्या शेल्टरमधला एसी हा टॉवरच्या वीजबिलातला मोठा वाटेकरी होई. गंमत अशी की रेडिओ यंत्रापेक्षा त्या थंडाव्याची खरी गरज बॅटऱ्यांना होती. शिशाच्या बंद बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते.

यानंतर भारनियमनाची वर्षे आली. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे आणि नेमक्या त्याच काळात मोबाइल खेडोपाडी पसरत होता. ही दोन्ही वळणे एकाच वेळी आली नसती, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात तेव्हा रात्री वीज गेल्यावर गावात दोनच आवाज ऐकू येत, कुत्र्यांचा आणि टॉवरच्या डीजी सेटचा, म्हणजे डिझेलवरच्या जनित्रसंचाचा. पंधरवड्याला टँकर किंवा पिकअपमधून डिझेल येई, नोंदवहीत लिटरची नोंद होई आणि नोंदलेले व जळालेले डिझेल यांचा मेळ क्वचितच बसे. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०११ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार देशात सुमारे ३ लाख १० हजार टॉवर होते, त्यांपैकी ७० टक्के ग्रामीण भागात, आणि त्यांच्या विजेच्या गरजेपैकी ६० टक्के गरज डिझेल भागवत होते. १० ते १५ केव्हीएचा जनित्रसंच तासाला साधारण २ लिटर डिझेल पितो आणि एक लिटरमागे २.६३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. वर्षाचा एकूण आकडा २०० कोटी लिटर आणि सुमारे ५३ लाख टन असा निघाला. घरगुती मापाने सांगायचे तर रोज बारा तास चालणारा एकच संच दिवसाला २४ लिटर जाळून ६३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडत होता.

एप्रिल २०११ मध्ये ट्रायने शिफारशी केल्या आणि जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला: २०१५ पर्यंत ग्रामीण भागातील निम्मे आणि शहरी भागातील २० टक्के टॉवर अपारंपरिक ऊर्जा व ग्रिड (सार्वजनिक वीजपुरवठ्याचे जाळे) यांच्या मिश्र विजेवर चालावेत, २०२० पर्यंत हे प्रमाण अनुक्रमे ७५ आणि ३३ टक्के व्हावे. कागदावर सोपे वाटणारे हे गणित गच्चीवर मांडून पाहावे. एखादा टॉवर सतत ३ किलोवॅट घेत असेल तर त्याला दिवसाला ७२ युनिट लागतात. सोलापूरसारख्या भरपूर उन्हाच्या गावीही १ किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी चारेक युनिट देते. म्हणजे १८ किलोवॅटची पॅनेले आणि त्यांना साधारण १८० चौरस मीटर मोकळी, सावली नसलेली जागा हवी. शिवाय रात्रीसाठी बॅटऱ्या वेगळ्या. ज्या गच्चीवर पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या मिरच्या आणि भाड्याचा टॉवर एकत्र नांदतात, तेथे हे बसत नाही. गावाबाहेरच्या माळावरच्या साइटवर बसते, पण तेथे पॅनेल राखण्याचा प्रश्न येतो. २०१७ मध्ये ट्रायने नव्याने शिफारशी करताना २०११-१२ हे आधारवर्ष धरून २०१९-२० पर्यंत ३० टक्के आणि २०२२-२३ पर्यंत ४० टक्के उत्सर्जनघटीचे उद्दिष्ट सुचवले.

डिझेल कमी झाले ते आदेशापेक्षा दरामुळे, असे माझे मत आहे. जानेवारी २०१३ पासून डिझेलची किंमत हप्त्याहप्त्याने वाढू लागली, ऑक्टोबर २०१४ मध्ये ती पूर्ण नियंत्रणमुक्त झाली, आणि दरम्यान ग्रिडचा पुरवठाही सुधारत गेला. मग ज्या गोष्टी अभियंते आधीपासून सांगत होते त्या भराभर झाल्या. एसी असलेली शेल्टर जाऊन बाहेर उघड्यावर चालणारी कपाटे आली. रेडिओ यंत्र खांबावर, अँटेनाच्या शेजारी चढले आणि केबलमधली गळती संपली. उष्णता अधिक सोसणाऱ्या लिथियम बॅटऱ्या आल्या. एकाच टॉवरवर अनेक कंपन्यांनी भाड्याने राहण्याची पद्धत त्याआधीच, २००७-०८ पासून रुळली होती. प्रत्येकाचा वेगळा टॉवर, वेगळा एसी आणि वेगळा जनित्रसंच यातून जी उधळपट्टी झाली असती, ती त्या भाडेकरारांनी वाचवली. शक्तिवर्धकांतही सुधारणा झाली, आणि तिच्या मुळाशी असलेली रचना अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधन संस्थेतील विल्यम डोहर्टी यांनी १९३६ मध्येच, मोठ्या रेडिओ प्रक्षेपकांसाठी, मांडलेली होती.

संशोधनाच्या जगात या विषयाची दखल जरा उशिरा घेतली गेली. २००३ मध्ये मारुती गुप्ता आणि सुरेश सिंग यांनी इंटरनेटची उपकरणे रिकाम्या वेळी झोपू शकतील का, हा प्रश्न एका परिषदेत मांडला, तेव्हा तो काहीसा विचित्र वाटावा असाच होता, कारण जाळे सदैव जागे असणे हाच त्याचा गुण समजला जाई. २०१० मध्ये इथरनेट या संगणक तारेने जोडण्याच्या पद्धतीच्या मानकात नेमकी हीच सोय आली: माहिती नसेल तेव्हा दुवा अल्पशक्तीच्या विसाव्यात जातो. त्याच वर्षी बेल लॅब्सच्या पुढाकाराने ग्रीनटच हा संघ स्थापन झाला आणि त्याने पाच वर्षांत जाळ्यांची ऊर्जाकार्यक्षमता हजारपट वाढवण्याचा मार्ग दाखवण्याचे लक्ष्य ठेवले. तेथून पुढे मोबाइलच्या मानकांतही झोपेची भाषा शिरली. फोरजीमधला टॉवर आपली उपस्थिती कळवणारा संदर्भ-संकेत दर मिलिसेकंदाला पाठवतो, त्यामुळे त्याला डुलकीही घेता येत नाही. फाइव्हजीमध्ये तशा मूळ संकेतांमधले अंतर सामान्यतः २० मिलिसेकंद असते आणि ते १६० पर्यंत ताणता येते. मधल्या वेळात शक्तिवर्धक बंद करता येतो. रात्री काही वाहक लहरी किंवा काही अँटेना बंद ठेवण्याची सोयही आता नेहमीची झाली आहे.

सोलापुरापुरते पाहिले तर विजेच्या बाजूनेही बरेच बदलले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी जोडले गेले. देशाचे एक ग्रिड झाले त्याची गाठ या जिल्ह्यात बांधली गेली. पुढे फताटेवाडीजवळ एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला, त्याचा पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यापारी उत्पादनात आला. टॉवरचे डिझेल त्यामुळे सुटले, पण कोळसा सुटला नाही. डिझेलच्या जनित्रातून एका युनिटमागे पाऊण ते एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तर देशाच्या ग्रिडमधून मिळणाऱ्या युनिटमागे आजही सुमारे ०.७ किलो. पैशाची बचत मोठी, धुराची त्या मानाने बेताची. धूर गावातल्या टॉवरखालून उठून चिमणीतून निघू लागला, एवढा फरक नक्की. जून २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित वीज थेट विकत घेण्याची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. दोन-चार किलोवॅटच्या एकट्या टॉवरला याचा उपयोग नव्हता, म्हणून पुढच्या वर्षी एकाच वीज विभागातल्या अनेक जोडण्यांचा भार मिळून १०० किलोवॅट धरण्याची मुभा देण्यात आली.

या सगळ्या बचतीला एक जुना शह आहे. यंत्र कमी कोळशात चालू लागले की कोळसा कमी न खपता अधिक खपतो, हे विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये वाफेच्या इंजिनांबद्दल दाखवले होते. भारतात एका ग्राहकाचा महिन्याचा सरासरी मोबाइल डेटा २०१४ मध्ये ६० एमबीच्या आसपास होता. दहा वर्षांत तो २० जीबीच्या आसपास गेला, म्हणजे तीनशे पटींहून अधिक. एका जीबीमागची वीज कितीही घटली तरी अशा वाढीपुढे एकूण बिल खाली आणणे अवघड जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२० मध्ये या संपूर्ण क्षेत्रासाठी २०३० पर्यंत उत्सर्जनात ४५ टक्के घट आखून दिली आहे, ती याच वाढीच्या पार्श्वभूमीवर.

जुन्या पिढ्यांचे जाळे बंद करणे हा बचतीचा सरळ मार्ग दिसतो, आणि थ्रीजीच्या बाबतीत खासगी कंपन्यांनी तो पत्करलाही. टूजी मात्र अनेक ठिकाणी चालूच आहे, आणि ते सहजासहजी बंद होणारही नाही. दिंडीतल्या सत्तरीच्या आजोबांच्या गळ्यातल्या दोरीला जो बटणांचा फोन लटकलेला असतो, ज्याचे चार्जिंग आळंदीपासून दोन-तीन मुक्काम पुरते, तो बहुधा टूजीचाच असतो. त्याच्यासाठी वाटेवरच्या प्रत्येक टॉवरवर ती एक वाहक लहर रात्रभर पूर्ण ताकदीने जागी ठेवलेली असते.