जीझ बेंडची गोधडी कुणाच्या मापाची?

अमेरिकेतल्या क्विल्टिंगविषयी, म्हणजे गोधड्या शिवण्याविषयी, वाचायला घेतलं की अलाबामा राज्यातल्या जीझ बेंड या गावाचं नाव येतंच. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून इथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शिवलेल्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. अमेरिकी टपाल खात्याने 2006 मध्ये त्यांच्यावर दहा तिकिटं काढली. कौतुक रास्तच आहे. मात्र बाहेरच्या जगाने या बायकांना दोनदा ‘शोधून काढलं’ आणि दोन्ही वेळी त्यांच्याकडून अगदी उलट गोष्टी हव्या होत्या, हे त्या कौतुकात मागे पडतं.

गावाला अलाबामा नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेला आहे. जोसेफ गी नावाच्या मळेवाल्याने 1816 मध्ये इथे कापसाचा मळा वसवला. 1845 मध्ये तो मार्क पेटवेकडे गेला. त्याने नॉर्थ कॅरोलायनातून शंभरेक गुलामांना पायी चालवत इथे आणलं. गुलामगिरी 1865 मध्ये संपली. जमीन मात्र मालकांकडेच राहिली आणि सुटलेली माणसं तीच जमीन वाट्याने कसू लागली. मालकाचं आडनावही त्यांना चिकटलं ते कायमचंच. आजही गावातल्या कितीतरी जणी पेटवे आहेत, आणि सगळ्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत असं नाही.

शेतीसाठी उधारी नदीपलीकडच्या कॅम्डेनमधल्या व्यापाऱ्याकडे असायची. हा व्यापारी वारला आणि 1932 मध्ये त्याच्या घरच्यांनी वसुली काढली. जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्य, सगळं उचलून नेलं. तो हिवाळा गावाने रेडक्रॉसच्या मदतीवर काढला. पुढे सरकारने मळ्याची जमीन विकत घेतली आणि 1940 च्या दशकात ती हप्त्यांनी इथल्याच कुटुंबांना विकली. ही जमीन पुढे फार कामाला आली. 1960 च्या दशकात मतदार नोंदणीला गेले म्हणून आसपासच्या कुळांना घरांतून हाकललं जात होतं, तेव्हा जीझ बेंडमधली पुष्कळ कुटुंबं स्वतःच्या जमिनीवर उभी होती. त्यांची कोंडी वेगळ्या रीतीने झाली. कॅम्डेनला जाणारी फेरीबोट 1962 मध्ये बंद करण्यात आली, ती 2006 मध्ये परत सुरू झाली. मधली चव्वेचाळीस वर्षं समोर दिसणाऱ्या गावाला तासभराचा वळसा घालून जावं लागे.

गोधड्या या सगळ्यातून आल्या. लाकडी ओंडक्यांची घरं, फटींतून येणारा वारा, भिंतींना डकवलेली वर्तमानपत्रं. थंडीत पांघरायला, अंथरायला, भोकं बुजवायला गोधडीच. कापड म्हणजे फाटकी कामाची कपडे, पिठाची नि खताची पोती. आत भरायला कापसाच्या जिनमध्ये खाली सांडलेला कापूस. तो काठ्यांनी झोडपून मोकळा करत. आपल्याकडच्या वाकळेत जुन्या लुगड्यांचेच थर असतात, इथे मधला थर कापसाचा. विरून गेलेल्या गोधड्या जाळून त्यांच्या धुराने डास हाकलत.

कामाची रीत ठरलेली होती. तुकडे जोडून वरचा पदर तयार करायचा तो ज्या त्या बाईने एकटीने, आपल्या मनाप्रमाणे. मग छताला टांगलेल्या चौकटीवर तो ताणायचा आणि शेजारणी, बहिणी, लेकी भोवती बसून टाके घालायच्या, गात आणि प्रार्थना म्हणत. म्हणजे रंग नि रचना एकीची, टाके सगळ्यांचे. मिझुरी पेटवे हिने वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी 1942 मध्ये शिवली. ती पांघरून त्याची आठवण ठेवायची होती, असं तिची मुलगी आर्लोन्झिया सांगत असे.

पण सगळ्यांच्या नशिबी असा गोतावळा नव्हता. लोरेटा पेटवे हिने स्पष्टच सांगितलं आहे की तिला शिवणकाम आवडत नव्हतं. घर गार, मुलं लहान, संसार खडतर, आणि हात लावायला कुणी नाही. म्हणून शिवलं. मला तिचं हे बोलणं महत्त्वाचं वाटतं, कारण या गावाबद्दल लिहिणारे चौकटीभोवतीच्या गाण्यांत फार लवकर रमतात. तिच्या साध्या पट्ट्यांच्या गोधड्या पुढे सगळ्यांत गाजलेल्यांपैकी ठरल्या.

पहिला ‘शोध’ 1965 च्या अखेरीचा. फ्रान्सिस वॉल्टर या पाद्र्याला दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. त्याने दहा-दहा डॉलरला त्या विकत घेऊन न्यूयॉर्कमध्ये लिलावाला पाठवल्या. त्यातून 1966 मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. कारभार एस्टेल विदरस्पून यांच्याकडे. मोठ्या शहरांतल्या दुकानांना माल हवा होता, पण ठरल्या मापाचा, ठरल्या नमुन्याचा, एक नग दुसऱ्यासारखा. आपल्या मनाने रंग लावणाऱ्या काहीजणींना हे मानवलं नाही. तरीही पुष्कळ बायकांच्या हाती प्रथमच स्वतःची मजुरी आली. संस्थेने 23 एकर जमीन घेऊन हाकललेल्या कुटुंबांना त्यातले तुकडे विकले, हे मला तिचं सर्वांत मोठं काम वाटतं. 1972 मध्ये सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. उरलेले तुकडे (सोनेरी, शेवाळी, लालभडक) बायका घरी नेत आणि हवं तसं जोडत. कारखान्यात एकसारखे अभ्रे आणि त्याच कापडाच्या घरी मनमुराद गोधड्या.

दुसरा शोध 1998 चा. बिल आर्नेट या संग्राहकाला लाकडांच्या ढिगावर टाकलेल्या ॲनी मे यंग यांच्या गोधडीचं छायाचित्र दिसलं आणि तो गाव हुडकत आला. 2002 मध्ये ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शन झालं. आता समीक्षकांना हवा होता नेमका तो बेशिस्तपणा: वाकडी रेघ, मध्येच बदललेला रंग, एकीसारखी दुसरी नाही हे वैशिष्ट्य. कॉर्डरॉयच्या घरगुती गोधड्याही भिंतीवर चढल्या.

पैशाचा प्रश्न लगेच आला. आर्नेट कुटुंबाविरुद्ध 2007 मध्ये ॲनी मे यंग आणि लोरेटा पेटवे न्यायालयात गेल्या. तक्रार मोबदल्याची आणि रचनांच्या हक्कांची होती. 2008 मध्ये तडजोड झाली. लोरेटाला 2015 मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. त्याआधी, 2003 मध्ये बायकांनी आपली विक्रीसंस्था काढली होती, आणि 2021 पासून अनेकजणी आपापल्या नावाने ऑनलाइन विकू लागल्या. किंमत ज्या त्या बाईची.

फेब्रुवारी 2024 मध्ये टार्गेट या दुकानसाखळीने पाच क्विल्टर बायकांच्या रचनांवर कपडे आणि घरगुती वस्तू बाजारात आणल्या. माल यंत्रावर तयार झालेला, एकसारखा. बायकांना रक्कम एकदाच आणि ठरीव मिळाली, किती माल खपला याच्याशी तिचा संबंध नव्हता.